माशीमुक्त गावाचा निळा मांडव

३ मार्च

धाकट्या,

तुझ्या जनावरांच्या खात्याची माणसं काल माझ्या गोठ्यातली माशी मारायला आली आणि जाताना माझ्याकडून सुई आणि निळ्या दोऱ्याचं रीळ मागून घेऊन गेली. आता कोण कुणाला मदत करतंय ते तूच ठरव, तू शिकलेला आहेस.

गाडीतून उतरले तेच अंगावर माश्या घेऊन. गोठ्यात शिरले तर आत होती तेवढी माशी गाईंना सोडून त्यांच्या नव्याकोऱ्या निळ्या गणवेशांवर जाऊन बसली. ते हात झाडत नाचत होते आणि गाई रवंथ करत बघत होत्या. गाईंना तेवढाच विसावा मिळाला, त्यापुरते तुझ्या खात्याचे आभार.

मी म्हटलं, औषध लावायला आलात ना, मग लावा. त्यातला मिशीवाला म्हणतो, बाई, ही माशी पोटाखाली आणि पायांना चावते, औषध तिथंच लावायचं असतं. म्हटलं, मग वाका. तर म्हणे वाकता येत नाही. का, तर पँट उसवते. त्यांच्यातल्या एकाची मागं भर रस्त्यात उसवली, तेव्हापासून सगळे उभ्या उभ्या औषध लावतात. उभ्यानं हात पोचतो कुठं, तर गाईच्या पाठीवर. पाठीवरची माशी गाय स्वतःच शेपटीनं हाकलते, त्यासाठी सरकारनं गाडी पाठवायची गरज नव्हती. पाठीला औषध फासलं, शेजारी उभं राहून फोटो काढला, झालं.

आता त्या पँटी कुणी शिवल्या ते तुला माहीत आहे आणि मलाही. कापड पुरवून पुरवून वापरा, जरा तंग बेता, असं तूच तुझ्या दाजींना सांगितलं होतंस. त्यांनी बेतलं. त्यांची शिवण पक्की आहे, कापडच ओढलं गेलं तर शिवण काय करणार. मी त्या माणसांना हेच तोंडावर सांगितलं आणि सुई हातात दिली.

मग त्यांनी गाईंच्या कानांना टोचून रक्ताचा एकेक थेंब काचेवर घेतला. माझी तांबडी बघवत नाही रे. हाडं मोजून घ्यावीत अशी झालीय, डोळ्यांतून पाणी गळतं, वासरू पोटातच गेलं, दूध आटलं. मी मिशीवाल्याला विचारलं, ही माशी माणसालाही चावते, मला चावली, ह्यांना चावली, त्याचं काय. तो म्हणाला, माणसाला चावलेली माशी आमच्याकडे येत नाही, ती दवाखान्याच्या खात्याकडे जाते. मी म्हटलं, हे माशीला कुणी सांगितलंय का. तर हसला. मी हसायला विचारलं नव्हतं.

कुरणाच्या कडेला खांब रोवून तुम्ही निळी-काळी कापडं लटकवून गेलात, त्यांचं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. एवढं चांगलं कापड उन्हात फडफडत ठेवायचं हे काही माझ्या मनाला पटेना. शेजारणीनं पोराचा सदरा शिवून घेतला. मी एक काढून आणलं, स्वच्छ धुतलं आणि पुढच्या खोलीच्या खिडकीला पडदा केला, मशीनवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर ऊन येतं म्हणून. रंग जराही गेला नाही. कापड मात्र तुम्ही चांगलं आणता.

पण मशीनवर बसलेला माणूस बसला तर ना. आता खरं दुखणं ऐक. तुझ्या दाजींना आळसानं गिळलंय. गणवेशांचं काम चाललं होतं तेव्हा मानेवर एक गळू झालं, मग ताप येत-जात राहिला, आणि तेव्हापासून त्यांनी अंग जे टाकलं ते टाकलंच. दिवसा पाय पायट्यावर आणि डोकं मशीनवर. परवा एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची बाही मनगटाशी शिवून बंद करून टाकली. तो बिचारा हात घालून वाट बघत राहिला. मी बोलले तर कात्री फेकली. ज्या माणसानं आजवर मला मोठ्यानं हाक मारली नाही, त्यानं. मीही तांब्याभर पाणी डोक्यावर ओतलं. उठले, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा झोपले. घास हातात धरून झोपतात. लोक आता कापड दुसरीकडे टाकायला लागलेत.

माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील, तुझ्या अक्षराचा मान ठेवतात. एक खरमरीत पत्र लिही त्यांना. आणि गाईंच्या काचांमध्ये काय निघालं ते मला कळव.

आक्का

११ मार्च

विषय: माशी, गणवेश व दाजी.
संदर्भ: तुझे दि. ३ चे पत्र.

आक्कास आदरपूर्वक,

पत्र मिळाले. तू सगळे एकत्र कालवतेस, म्हणून मी वेगवेगळे करून उत्तर देत आहे.

गणवेश. खांबांना लावायचे कापड खात्यात गरजेपेक्षा फार जास्त आले होते. ते गोदामात पडून राहिले असते तर कुणीतरी विचारले असते. त्याचे गणवेश करावेत ही कल्पना माझी. मोठ्या साहेबांनी भर बैठकीत माझ्याकडे बघून मान डोलावली. दाजींना काम मिळाले, माणसांना कपडे मिळाले, गोदाम बरेचसे रिकामे झाले. यात कुणाचे काही बिघडले असे मला दिसत नाही. औषध पाठीवर लावले तरी ते ओघळून पोटाकडे जाते, असे खात्याचे म्हणणे आहे.

पडदा. ते कापड खांबालाच असावे. घरात लावू नये असे मी म्हणत नाही, पण बाहेर असलेले बरे. कारण तांत्रिक आहे.

काचा. तपासणीला गेल्या आहेत.

आता आनंदाची बातमी. आपले गाव राज्यातले पहिले माशीमुक्त गाव म्हणून जाहीर झाले आहे. आदेश निघाला, साहेबांची सही झाली. १८ एप्रिलला साहेब स्वतः येऊन फलकाचे अनावरण करतील. तुला तुरळक माश्या दिसत असतील तर त्या शेजारच्या गावच्या समजाव्यात. या कामासाठी माझे नाव वरच्या जागेसाठी सुचवले गेले आहे, हे फक्त तुला सांगतो.

दाजींना वेगळे पत्र सोबत जोडले आहे. जरा कडक लिहिले आहे. त्यांना वाचून दाखव.

तुझा
धाकटा

२८ मार्च

धाकट्या,

तुझं कडक पत्र मी वाचून दाखवलं. अर्धं झालं असेल. त्यांनी तेवढं ऐकून घेतलं आणि म्हणाले, धाकटा बरोबर बोलतोय, मी जागं राहायला पाहिजे. आणि बोलता बोलता झोपले. पुढचं अर्धं मी चुलीत घातलं. का ते आता सांगते.

आपल्या दवाखान्यातली सिस्टर तिचा पांढरा झगा बाह्यांत सैल करायला घेऊन आली होती. हे भिंतीला टेकून झोपलेले. मी माझं नेहमीचं पुराण लावलं, की बघा कसा आळस आहे. तिनं माझं ऐकलंच नाही. ह्यांच्याजवळ गेली, मानेमागं बोटं फिरवली. तिथं गाठी आहेत. एकामागोमाग एक. मी रोज त्या मानेवरून हात फिरवून उठवते, मला कधी लागल्या नाहीत. मग तिनं ताप विचारला, गळू विचारलं, रात्री झोपतात का विचारलं. मी म्हटलं रात्री टक्क जागे असतात, मला वाटलं दिवसा झोपून झोपून झोप संपते. ती खिडकीकडे बघून म्हणाली, हा पडदा इथं कुणी लावला.

मी लावला. आणि तुझं तांत्रिक कारण मला सिस्टरनं एका दमात सांगितलं. त्या माशीला निळा रंग दिसला की ती धावत येते. म्हणून ते कापड विषात बुडवून लांब खांबावर टांगतात, की यावं, बसावं आणि मरावं. मी ते धुतलं. विष गेलं, रंग राहिला. म्हणजे मारायची सोय काढून टाकली आणि बोलावणं तेवढं खिडकीत टांगलं. आणि गणवेशाच्या कापडाला तर विष मुळातच नव्हतं. भिंतीपलीकडे गोठा, अलीकडे त्या निळ्या कापडाचा छतापर्यंत ढीग, आणि ढिगाच्या मधोमध माझा माणूस वाकून शिवत बसलेला, एक अख्खा हंगाम. रोगी गाईचं रक्त पिऊन माशी उठायची आणि सरळ त्यांच्यावर यायची.

आणि तुझी माणसं तोच रंग अंगावर घालून दारोदार हिंडतात. माशी मारायचं खातं आहे की माशीला फिरवून आणायचं.

तुला हे माहीत होतं. मला नव्हतं. तू लिहिलंस, घरात लावू नये असं मी म्हणत नाही. असं कोण लिहितं रे आपल्या बहिणीला. विस्तवावर हात ठेवू नये असं मी म्हणत नाही, असं तुला लहानपणी मी सांगितलं असतं तर आज तू सही कशानं केली असतीस.

पडदा मी काढून जाळला. आता पुढचं नीट वाच. ह्याला झोपेचा आजार म्हणतात. गाईला होतो तोच माणसाला होतो, किडा तोच, माशी तीच, फक्त खाती दोन. सिस्टर म्हणाली, रोग अजून रक्तातच असेल तर औषधानं माणूस उठून बसतो. डोक्यात चढला तर औषध वेगळं, फार कडक, आणि त्याहून उशीर झाला तर तो झोपतो तो झोपतोच. कुठवर आलाय ते पाठीत सुई घालून पाणी काढल्याशिवाय कळत नाही. ती सुई घालणारं पथक आणि ते औषध शहरात आहे, कुलपात. पथक बाधित गावातच येतं. बाधित गाव कुठलं, तर जिथं जनावरांच्या रक्तात किडा सापडल्याचा दाखला तुझं खातं देतं. मी ह्यांना गाडीत घालून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं खिडकीतल्या माणसानं पहिला प्रश्न केला, तुमचं गाव कुठलं. सांगितलं. म्हणाला, ते तर माशीमुक्त आहे, तुम्हाला हा आजार होऊ शकत नाही. हे माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होते. तो म्हणाला, थकले असतील प्रवासानं.

तर काचांमध्ये काय निघालं ते लगेच लिही. तांबडीची काच तर नक्की बोलेल. मला बाकी काही नको.

आक्का

६ एप्रिल

विषय: काचा.
संदर्भ: तुझे दि. २८ चे पत्र (भाषा वगळून).

आक्कास आदरपूर्वक,

दाजींच्या प्रकृतीविषयी वाचून वाईट वाटले. मात्र सिस्टरबाई दुसऱ्या खात्याच्या आहेत, आणि त्या खात्याला आमच्या खात्याचे चांगले झालेले बघवत नाही हे तुला माहीत नसेल. दाजी आधीपासूनच जरा शांत स्वभावाचे आहेत. तुझ्या लग्नातही ते पेंगले होते.

काचांबाबत खेदाने कळवतो की, कपाटात ठेवलेल्या काचांवरचे रक्त मुंग्यांनी चाटून नेले. असे होते कधी कधी. त्यामुळे त्यांत काय होते हे आता सांगता येत नाही. नव्याने रक्त घेता येईल, पण समारंभानंतर. माशीमुक्त गावात समारंभाच्या तोंडावर सुया घेऊन माणसे हिंडताना दिसली तर लोकांचा गैरसमज होईल.

एक घरचे काम आहे. समारंभाला मांडव लागणार. गोदामात उरलेले कापड आहे, तेच पाठवत आहे. दाजींना होत नसेल तर तू शिव, तुला सरळ शिवण येते. खुर्च्यांच्या गवसण्याही त्याच्याच करायच्या आहेत. जागा तुझ्या गोठ्यासमोरचे मैदान ठरली आहे, कारण साहेबांना फोटोत मागे गाई हव्या आहेत. रंगाचे तू काही काढशील म्हणून आधीच लिहितो. निळा रंग माशीला बोलावतो हे खरे धरले तरी माशीमुक्त गावात बोलावण्याला येणार कोण? जरा शांतपणे विचार कर, म्हणजे पटेल. शिवाय साहेबांना हा रंग आवडतो.

एवढा समारंभ नीट पार पडू दे. मी वरच्या जागेवर गेलो की दाजींसाठी मलाच सगळे करता येईल.

तुझा
धाकटा

१० एप्रिल

धाकट्या,

माझ्या लग्नात ते पेंगले होते, कारण आदल्या दिवसापासून बसून त्यांनी तुझा कोट शिवला होता. तू रडत होतास कोटासाठी.

कापडाचे गठ्ठे पोचले. मांडव मी शिवते. नाही म्हटलं तर तू दुसऱ्याकडून शिवून घेशील आणि माझ्या नावानं राग धरशील, आणि सध्या मला तुझा राग परवडत नाही. गठ्ठे मी घरात घेतलेले नाहीत, बाहेर झाडाखाली मशीन नेलंय, हातापायांना धूर घेत शिवते. तरी दोनदा चावली.

पण आत्ताच लिहून ठेवते, मागाहून सांगितलं नाहीस म्हणू नकोस. गोठ्यासमोर हा रंग टांगू नकोस. पांढऱ्या चादरी मी गावातून गोळा करून देते, चांगल्या धुतलेल्या. नाहीतर मैदान बदल. आणि तुझ्या माणसांना त्या दिवशी काही दुसरं घालायला सांग, निदान बनियनवर तरी येऊ देत.

ह्यांना आता चालताना तोल राहत नाही. पायट्यावर पाय ठेवून दिला तर पाय आपोआप हलतो, बाकी माणूस तिथं नसतो. सिस्टर रोज जाता-येता बघून जाते. तिच्या खात्यानं तिला कळवलंय की माशीमुक्त गावात असला पेशंट नोंदवू नये. तिनं तापाचा म्हणून नोंदवलाय. ती तरी काय करणार, तिला घर चालवायचंय.

मुंग्यांचं मला कळलं नाही. काच कपाटात होती की साखरेच्या डब्यात. ते असो. तू मांडवाची घाई सोड आणि नवं रक्त घ्यायला माणूस पाठव. एक तरी. साध्या कपड्यातला.

आक्का

१९ एप्रिल

तातडीचे

आक्का,

तू तिथेच होतीस, त्यामुळे काय झाले ते पुन्हा लिहीत नाही. पण तुला मागचे दिसत होते, पुढचे नाही. साहेब 'आज या गावात औषधालाही एक माशी' एवढे बोलले आणि ती त्यांच्या मानेवर बसली. नंतरची कानाला. नंतर खुर्च्यांच्या गवसण्यांतून उठलेल्या. मी वारायला गेलो तर माझ्याही अंगावर गणवेश होता. साहेबांनी मला दूर व्हायला सांगितले, आणि ज्या शब्दांत सांगितले ते ध्वनिक्षेपकावरून सगळ्यांनी ऐकले.

साहेबांना तशीच गाडी करून शहरात नेले. फिरते पथक शहराबाहेर होते, ते परत बोलावले. संध्याकाळच्या आत साहेबांचे रक्त तपासून झाले. तीन तीन डॉक्टरांनी काच पाहिली. तुलना करता यावी म्हणून तुझ्या तांबडीची काच शेजारी ठेवून पाहिली. सुदैवाने साहेबांच्या रक्तात तसले काहीही नाही. तरी देखरेखीसाठी त्यांना तिथेच ठेवले आहे. मानेवर सूज आहे आणि ते फार चिडले आहेत.

चौकशी लागली आहे. मांडवाला ते कापड कुणी सुचवले, हा पहिला प्रश्न आहे. तू फक्त एवढे लिहून सही करून पाठव, की मांडवाचे कापड तू स्वतः बाजारातून आणले, रंग तुझ्या पसंतीचा, आणि त्या दिवशी आलेल्या माश्या शेजारच्या गावाकडून येताना तू डोळ्यांनी पाहिल्या. तू साधी बाई आहेस, तुला कुणी काही करणार नाही. माझी मात्र नोकरी जाईल. घरी बायकोने कालपासून बोलणे सोडले आहे.

हे झाले की दाजींचे बघू. शब्द देतो.

धाकटा

२२ एप्रिल

धाकट्या,

तुझं तातडीचं मी सावकाश वाचलं. मला अक्षरं जोडून जोडून वाचावी लागतात, त्यामुळे तुझ्यासारखं वरवर वाचून पुढं जाता येत नाही. त्याचा असा फायदा होतो.

तांबडीची काच. मुंग्यांनी चाटून नेलेली. ती साहेबांच्या काचेशेजारी ठेवून तीन तीन डॉक्टरांनी बघितली. आणि सुदैवानं साहेबांत तसलं काही नाही. म्हणजे तसलं काहीतरी तांबडीत आहे, आणि ते कसं दिसतं ते तुझ्या खात्याला पाठ आहे. काच पहिल्यापासून होती, बघूनही झाली होती. मला आता राग येण्याचाही कंटाळा आलाय.

सिस्टरला मी हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, आज चावली आणि आज रक्तात दिसला असं होतच नाही, आठवडे जावे लागतात. साहेबांचं रक्त त्या दिवशी बघणं म्हणजे सकाळी बी पेरून दुपारी कणीस शोधणं. पण पथक परत बोलावलं, गाडी पळवली, कुलूप उघडलं. म्हणजे कुलपाला किल्ली आहे. एवढंच मला बघायचं होतं. मी इतके दिवस समजत होते की ते कुलूप गंजून बसलंय.

समारंभाचं तू लिहू नकोस मला. मी मागं गाई धरून उभी होते, फोटोसाठी. लोक पळाले, खुर्च्या पडल्या, तुझी निळी माणसं मांडव सोडायला वर चढली आणि तंग पँटींनी तिथंच अडकली. त्या मिशीवाल्याला मी काठी लावून उतरवला. हसू आलं असतं, पण ह्यांना ओट्यावर बसवून ठेवलं होतं, समारंभ बघतील म्हणून, आणि एवढ्या गोंधळात त्यांची पापणी हलली नाही. त्यांच्या हातावर एक माशी निवांत बसून होती. ती कुणाच्या गावची ते मी विचारलं नाही.

काल दुपारी जागे झाले. मी समोर भाजी निवडत होते. माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, बाई, माप द्यायला आलात का. मी म्हटलं, हो. टेप त्यांच्या गळ्यातच असते. उठता येईना, म्हणून मीच खाली बसले. खांदा मापला, बाही मापली, आकडे पुटपुटले. सगळे बरोबर होते. मग म्हणाले, आठवड्यानं या. तेव्हापासून मी एकच विचार करतेय की आठवड्यानं मी जाईन, आणि दुकानात कोण असेल.

आता तुझ्या कागदाचं. कापड मी बाजारातून आणलं असं मी लिहिणार नाही. माश्यांची वरात शेजारच्या गावाहून येताना बघितली असंही नाही. ते गाव भलं आहे, त्यांच्या गाईही आपल्यासारख्याच मरतायत. खोटं मला जमणार नाही, वाचणाऱ्याला माझ्या अक्षरावरूनच कळेल. पण खरं जरा कमी लिहिता येतं, ते मी तुझ्या पत्रांवरून शिकलेय. मांडव मी शिवला, एवढंच लिहीन. कापड कुठून आलं, रंग कुणाला आवडतो, मी काय बजावलं होतं, गणवेश कुणाच्या डोक्यातून निघाले, मुंग्यांनी काय चाटलं, ह्यातलं काही लिहिणार नाही. तुझी नोकरी राहील. तू माझा भाऊ आहेस, तुझी बायको-मुलं मला दिसतात. तुला घालवून माझा माणूस उठत असता तर गोष्ट वेगळी होती.

त्याच्या बदल्यात ज्या गाडीनं साहेबांचं रक्त नेलं तीच गाडी माझ्या दारात यायला हवी, आत पाठीत सुई घालणारा माणूस आणि कुलपातलं औषध घेऊन. आणि तांबडीच्या काचेचा दाखला, तुझ्या सहीचा, सिस्टरच्या हातात. म्हणजे शेजारणीच्या पोरालाही बघतील, त्याचा सदरा अजून अंगावर आहे, आणि कालपासून त्यालाही ताप आहे. माशीमुक्तचा फलक हवा तर राहू दे, गाई त्याला अंग घासतात.

गुरुवारपर्यंत हे झालं नाही, तर मी पूर्ण खरं लिहायला बसेन. मला वेळ लागतो, पण मी काही सोडत नाही. तुझी सगळी पत्रं सोबत जोडीन आणि सिस्टरच्या हाती साहेबांना दवाखान्यात पोचती करीन. पडून पडून कंटाळले असतील, वाचतील. शिवाय मानेला सूज असल्यावर माणूस जरा लक्ष देऊन वाचतो.

गुरुवारी दिवस मावळेपर्यंत मी ओट्यावर बसून आहे, ह्यांना घेऊन. उत्तर म्हणून कागद पाठवू नकोस, गाडी पाठव.

आक्का